टर्मिनलमध्ये आपण नेमके कुठे आहोत? एक ओळ लिहा आणि फाईल्स वाचवा!

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची गोष्ट. प्रोजेक्टच्या जुन्या फाईल्स काढून टाकायच्या होत्या. टर्मिनल उघडलं, 'आरएम' आणि पुढे स्टार टाईप केलं, एंटर मारलं. मग लक्षात आलं, मी जुन्या फोल्डरमध्ये नव्हतेच! मुलाखतींचं सगळं रेकॉर्डिंग उडालं. आणि 'आरएम'ने उडवलेली फाईल ट्रॅशमध्ये जात नाही, थेट जाते.

असं का झालं? कारण स्क्रीनवर नुसतं डॉलरचं चिन्ह होतं. मी कुठे आहे, हे दिसतच नव्हतं.

प्रॉम्प्ट म्हणजे काय?

आपण टाईप करतो त्याच्या डावीकडे जे दिसतं, ते प्रॉम्प्ट. "बोला, काय करू?" असं शेल त्यातून विचारतं. १९७९ च्या युनिक्समधल्या बॉर्न शेलमध्ये तिथे फक्त डॉलर असायचा. आज लिनक्सवर सर्रास दिसणाऱ्या बॅशमध्ये मात्र तो हवा तसा बदलता येतो.

बदलायचा कसा?

प्रॉम्प्टचा मजकूर 'पीएस१' नावाच्या व्हेरिएबलमध्ये असतो. कॅपिटलमध्ये पीएस, लगेच १ हा आकडा आणि बरोबरचं चिन्ह लिहा. मध्ये कुठेही स्पेस नको. मग सिंगल कोट सुरू करा, बॅकस्लॅश आणि स्मॉल डब्ल्यू, स्पेस, बॅकस्लॅश आणि डॉलर, पुन्हा स्पेस, आणि कोट बंद.

एंटर मारताच फोल्डरचा पूर्ण पत्ता दिसेल. होम फोल्डरच्या जागी टिल्डची नागमोडी खूण येते. पत्ता फार लांबतोय? कॅपिटल डब्ल्यू वापरा, फक्त शेवटच्या फोल्डरचं नाव येईल. आणि डॉलरच्या जागी हॅश दिसला तर सावध व्हा, तुम्ही रूट युजर आहात!

हा बदल त्या खिडकीपुरताच टिकतो. कायमचा हवा असेल तर हीच ओळ होम फोल्डरमधल्या 'डॉट बॅशआरसी' फाईलच्या शेवटी लिहा.

मॅक वापरताय?

२०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर झेडशेल असतं. तिथे कोटमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून टिल्ड, मग स्पेस, टक्का आणि हॅश, शेवटी स्पेस. फाईलचं नाव 'डॉट झेडएसएचआरसी'.

प्रॉम्प्ट फक्त पत्ता दाखवतो, तो वाचायचं काम आपलंच. त्यामुळे 'आरएम' लिहिल्यावर एंटर मारण्याआधी एकदा डावीकडे बघाच.