बीडचा खासदार, कुंडलची फौज

बीड लोकसभा मतदारसंघातून आजवर कोण कोण निवडून गेलं, ही यादी मला फार वर्षांपासून खुणावते आहे. अलीकडची नावं सगळ्यांना पाठ आहेत: केशरबाई क्षीरसागर, बबनराव ढाकणे, रजनी पाटील, जयसिंगराव गायकवाड, गोपीनाथ मुंडे, प्रीतम मुंडे, बजरंग सोनवणे. त्याआधीच्या काळाकडे सहसा कोणी वळत नाही. 1952 ला तिथे रामचंद्र गोविंद परांजपे आहेत, पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे. 1957 आणि 1962 काँग्रेसच्या वाट्याला गेलेले. 1971 ला काँग्रेसचेच सयाजीराव पंडित. 1977 ला मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. आणि या सगळ्यांच्या मधोमध, 1967 च्या रकान्यात: नाना रामचंद्र पाटील, भारतीय कम्युनिस्ट पक्ष.

हे नाना पाटील म्हणजे क्रांतिसिंह. येडेमच्छिंद्रचे, ब्रिटिशांना पर्याय म्हणून उभ्या राहिलेल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारचे. कृष्णाकाठचा हा माणूस वयाच्या सहासष्टाव्या वर्षी बालाघाटच्या डोंगरात येऊन उभा राहतो आणि निवडूनही येतो, हे मला कधीच सहज पचलं नाही. नानांची चरित्रकथा सांगणारे बहुतेक जण 1946 ला थांबतात. फार झालं तर संयुक्त महाराष्ट्रापर्यंत येतात. बीडची चार वर्षं एका वाक्यात उरकली जातात. त्या एका वाक्यात बरंच काही दडलेलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

तलाठ्याची नोकरी, कुस्तीचा नाद, 1930 च्या चळवळीत राजीनामा, वेळोवेळचे तुरुंगवास, बेचाळीसनंतर भूमिगत, डोक्यावर इनाम, जप्त झालेली जमीन हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. नानांच्या मागे जी फौज होती, तिच्याविषयी मात्र थोडं थांबून बोलायला हवं.

ही फौज म्हणजे 1943 मध्ये उभी राहिलेली तुफान सेना. कुंडल हे तिचं मुख्य ठाणं. ही निवड विचारपूर्वक होती. कुंडल औंध संस्थानात मोडत होतं आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 मध्येच आपल्या प्रजेला राज्यघटना देऊन टाकली होती. चोहोबाजूंनी ब्रिटिश मुलूख आणि मध्ये संस्थानाचे विखुरलेले तुकडे, अशी तिथली रचना. एका हद्दीत काम करून दुसऱ्या हद्दीत नाहीसं होता येत असे. सेनेचे फिल्ड मार्शल होते जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन होते रामचंद्र लाड, म्हणजे सगळ्यांचे कॅप्टन भाऊ. बापू 1922 चे. म्हणजे फिल्ड मार्शल एकविसाव्या वर्षी. या हुद्द्यांकडे कोणी पोरखेळ म्हणून पाहू नये. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम ताब्यात घेणारी आणि 14 एप्रिल 1944 ला थेट धुळे जिल्ह्यात चिमठाण्याला सरकारी खजिन्याचे सुमारे साडेपाच लाख रुपये हस्तगत करणारी माणसं ही. साताऱ्याहून इतक्या लांब जाऊन मोहीम पार पाडायची, तर टेहळणी, मुक्काम, माघारीची वाट आणि तोंड बंद ठेवणारी गावं, सगळंच लागतं.

पुढे या सेनेला खरेखुरे लष्करी शिक्षकही मिळाले. आझाद हिंद सेनेतले नानकसिंग आणि मन्सासिंग हे दोघं शीख जवान वाळव्याच्या नागनाथअण्णा नायकवडींच्या सोबत येऊन राहिले आणि पोरांना शस्त्रं चालवायला शिकवू लागले. 25 फेब्रुवारी 1946 ला शिराळ्याच्या डोंगरात पोलिसांशी झालेल्या चकमकीत नानकसिंग आणि त्यांच्या सोबतचे किसन अहिर दोघंही मारले गेले. किसन अहिरांचं नाव आज वाळव्याच्या सहकारी साखर कारखान्यावर आहे.

प्रतिसरकारने न्यायदान मंडळं चालवली, दारूबंदी केली, सावकारांना वठणीवर आणलं, गांधीविवाह लावले. नाना या सगळ्याचा आवाज होते. शस्त्रांची जबाबदारी तरुणांकडे होती. गावोगाव रात्री सभा घेऊन माणसं उभी करणं हे नानांचं काम. आपल्याकडे नानांना बंदूकधारी सेनापती म्हणून रंगवण्याची हौस आहे. तिने त्यांच्या खऱ्या कर्तृत्वावर अन्याय केला आहे. हजारो कुणब्यांना सरकारी हुकूम मोडायचं धैर्य आलं ते त्यांच्या रांगड्या, घरगुती बोलण्यातून.

1946 मध्ये प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागे घेतली गेली, नाना उजेडात आले. मग प्रश्न उभा राहिला की या फौजेचं करायचं काय? ज्यांनी गावं चालवून दाखवली होती, त्यांना नव्या राज्यात जागा कोणती?

इथे वाटा फुटल्या आणि ती ताटातूट मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत दुखरी गोष्ट वाटते. किसन वीर, यशवंतराव चव्हाण हेही बेचाळीसच्या साताऱ्याचेच. ते काँग्रेसमध्ये राहिले. नाना शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. प्रतिसरकारातल्याच कासेगावच्या बाबूजी पाटणकरांचा 1952 मध्ये खून झाला. एकाच भाकरीवर रात्री काढलेली माणसं निवडणुकीच्या मैदानात समोरासमोर आली.

1957 ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत भूमिगतांची एक तुकडीच्या तुकडी कायदेमंडळात पोचली. बापू लाड तासगावमधून आमदार झाले आणि नंतर विधान परिषदेवरही गेले. नागनाथअण्णा वाळव्यातून आमदार झाले. 1985 ला ते पुन्हा निवडून आले, तेही अपक्ष. नाना स्वतः उत्तर साताऱ्यातून लोकसभेत गेले. त्याच निवडणुकीत कऱ्हाडला यशवंतराव थोडक्या मतांनी तरले. पण पाच वर्षांत वारं फिरलं. 1962 ला साताऱ्यातून किसन वीर खासदार झाले आणि 1967 ला खुद्द यशवंतराव, तोवर देशाचे गृहमंत्री झालेले. साताऱ्यात नानांना वाव उरला नव्हता, हे उघड आहे.

इथे आणखी एका सैनिकाची आठवण काढायला हवी, कारण त्यामुळे नानांचं वेगळेपण कळतं. सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले. सँडहर्स्टला शिकलेले, आझाद हिंद सेनेत मेजर जनरल. 1952 ला ते रत्नागिरीतून काँग्रेसचे खासदार झाले, केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले आणि 1954 मध्ये निर्वासित मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना त्यांनी सुरू केली. गणवेशातल्या सैनिकाला नव्या राज्याने ओळखलं, काम दिलं. घोंगडी पांघरून लढलेल्या माणसाला विरोधी बाक मिळाला. भोसल्यांची योग्यता मी मुळीच कमी लेखत नाही. पण गावाचा कारभार हाती घेण्याची विद्या तुफान सेनेकडे होती, तिचा उपयोग करून घ्यायला नव्या सरकारला सुचलं नाही, याची खंत आहे.

आता बीड. नाना उपरे होते, हे खरं. पण ज्या जमिनीवर ते आले, ती पंधरा वर्षांपूर्वीच नांगरलेली होती. तिचं मूळ आंबाजोगाईत आहे, तेव्हाच्या मोमिनाबादेत. 1935 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून तिथे आले आणि योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक झाले. निजामाच्या राज्यात मराठी शाळा चालवणं हेच मुळात राजकारण होतं. त्या शाळेच्या वर्तुळातले बाबासाहेब परांजपे, म्हणजेच वर यादीत आलेले रामचंद्र गोविंद. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या डाव्या गटातले हे शिक्षक. मला या माणसाबद्दल फार कुतूहल आहे. त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं.

1952 च्या निवडणुकीत हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती. म्हणून डाव्यांनी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट हे छत्र उभारलं. तेलंगणात त्याच छत्राखाली नलगोंड्याहून रावी नारायण रेड्डी प्रचंड मतांनी जिंकले. त्यांना नेहरूंपेक्षाही जास्त मतं पडली होती. ती कथा देशभर गेली. मराठवाड्यात बीडने परांजप्यांना निवडलं, ही तिची मराठी बाजू आपण सांगत नाही. रझाकारी आणि सप्टेंबर 1948 ची पोलीस कारवाई यांना तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षं झाली होती. 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्या, 1950 ला कुळकायदा आला, पण सातबाऱ्यावर नाव चढायला वेळ लागत होता. 1959 मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तेव्हा मराठवाडा त्यात अग्रभागी होता. जमीन कोणाची, हा प्रश्न इथे पुस्तकातला नव्हता.

शिवाय कृष्णाकाठ आणि मराठवाडा एकमेकांना अनोळखी नव्हते. नागनाथअण्णा निजामाविरुद्धच्या सशस्त्र लढ्यातही उतरले होते. प्रतिसरकारच्या गोष्टी सीमेपलीकडे कधीच पोचल्या होत्या. म्हणून 1967 ला नाना बीडमध्ये सभांना उभे राहिले, तेव्हा त्यांना ओळख करून द्यावी लागली नसणार. त्या निवडणुकीत मुंबईतून श्रीपाद अमृत डांगेही भारतीय कम्युनिस्ट पक्षाकडून लोकसभेत गेले. एक गिरणगावाचा, एक कोरडवाहू रानाचा.

लोकसभेत मराठीतून बोलणारे पहिले खासदार नाना, असं सांगितलं जातं. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो आणि सोडून देतो. घटनेच्या 120 व्या कलमात एक तरतूद आहे: ज्या सदस्याला हिंदीत किंवा इंग्रजीत आपलं म्हणणं नीट मांडता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. घटनाकारांच्या डोळ्यांसमोर नेमका असाच माणूस असावा. नानांचं सगळं बळ त्यांच्या बोलीत होतं. ती काढून घेतली असती, तर लोकसभेत एक थकलेला पैलवान तेवढा बसला असता. मराठीत बोलून त्यांनी आपल्या मतदाराला सभागृहात नेलं. लोकसभेच्या कामकाजाचे खंड जपलेले आहेत. त्यातली नानांची भाषणं वेचून, टिपा देऊन एका पुस्तकात आणणं हे काम मराठवाड्यातल्या एखाद्या विद्यापीठाने आज हाती घ्यावं. पुतळ्यापेक्षा ते मोलाचं ठरेल.

1971 च्या इंदिरा लाटेत बीड काँग्रेसकडे परतलं. लगेच 1972 चा दुष्काळ आला आणि जिल्ह्याचं अर्थकारणच बदललं. दसरा झाला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात, मुकादमाची उचल अंगावर घेऊन, बिऱ्हाडासकट. त्या दिवसांत बीडची कित्येक गावं अर्धी रिकामी होतात. ही माणसं जातात कुठे? सांगली, सातारा, कोल्हापूर, कर्नाटक. कुंडलला बापू लाडांनी उभारलेला क्रांती कारखाना आहे, वाळव्याला नागनाथअण्णांचा हुतात्मा. ज्या शिवारात तुफान सेना लपत होती, तिथेच आता ऊस उभा आहे. बीडच्या टोळ्या कोयता घेऊन जातात त्या याच पट्ट्यात. सहकाराने कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला मानाने उभं केलं, यात शंका नाही. त्या फडात वाकणाऱ्या मजुराला त्याच मापाने न्याय मिळाला का, हा प्रश्न विचारायचा हक्क बीडला आहे. 1967 ला मत देऊन या जिल्ह्याने तो कमावला आहे.

नाना 6 डिसेंबर 1976 ला मिरजेला गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यसंस्कार वाळव्याला झाले. आणीबाणी चालू होती आणि त्यांच्या पक्षाने तिला पाठिंबा दिलेला होता. मार्चमध्ये निवडणूक झाली, तेव्हा बीडने पुन्हा एकदा कम्युनिस्टच निवडला. फक्त या वेळी तो आणीबाणीला विरोध करणाऱ्या मार्क्सवादी पक्षाचा होता.