वाटेत विमान बदलताना व्हिसा लागतो का?

आपल्या हिंगोली, वसमत, कळमनुरीकडची लेकरं शिकून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात गेली. आता लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला आईला तिकडं जावं लागतं. व्हिसा हातात पडला की आपल्याला वाटतं, झालं काम. पण वाटेत ज्या देशात विमान बदलायचं, त्याचेही नियम असतात. ते पुरे झाले नाहीत तर हैदराबाद-मुंबईच्या काउंटरवरूनच माघारी फिरवतात. तिकिटाचे पैसे बुडू शकतात आणि बाळंतपणाची वेळही हुकते. म्हणून आज आम्ही हेच सांगणार आहोत.

पूर्णा जंक्शनला गाडी बदलताना आपण फलाटावरच बसतो, गावात जात नाही. विमानाचंही तसंच. विमानतळाच्या आतच बसून पुढचं विमान धरलं, तर बऱ्याच देशांत व्हिसा लागत नाही. इमिग्रेशनचा शिक्का मारून बाहेर पडलं, की आपण त्या देशात शिरलो. मग तिथली परवानगी हवी.

काही देशांचे नियम बघू. दुबईला आत थांबायला व्हिसा नको. बाहेर पडायचं तर ४८ किंवा ९६ तासांचा ट्रान्झिट व्हिसा आधीच विमान कंपनीमार्फत काढता येतो. सिंगापूरला भारतीयांना ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय बाहेर जाता येतं. पण अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन अशा ठरावीक देशांपैकी एकाचा चालू व्हिसा आणि पुढचं पक्कं तिकीट लागतं. तरीही शेवटचा निर्णय तिथल्या अधिकाऱ्याचा असतो.

लंडनला मात्र आत बसून राहायलाही भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असेल तर त्यातून सूट आहे. अमेरिकेत तर 'आत बसणं' हा प्रकारच नाही. कॅनडाला जाताना वाटेत न्यूयॉर्कला विमान बदललं, तरी अमेरिकेचा व्हिसा हवाच.

आता खरी मेख ऐका. स्वस्त पडतं म्हणून काही वेळा दोन वेगवेगळी तिकिटं काढली जातात. अशा वेळी बॅगा बहुधा पुढच्या विमानात आपोआप जात नाहीत. त्या घ्यायला बाहेर यावं लागतं, आणि बाहेर यायचं म्हणजे व्हिसा! चार पैसे वाचवायला जावं आणि सगळंच अडून बसावं, असं होतं. काउंटरवरच्या माणसाशी भांडूनही उपयोग नसतो. अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेला तर कंपनीलाच दंड होतो आणि त्याला परत आणावं लागतं, म्हणून ते चढूच देत नाहीत.

तेव्हा पैसे भरायच्या आधी एजंटला किंवा लेकीला चार गोष्टी विचारा. विमान कोणत्या देशात बदलायचं? तिकीट सलग एकच आहे का? बॅगा थेट शेवटच्या गावापर्यंत जातील का? आणि परतीच्या वाटेवर कोणता देश लागतो, तेव्हा आपला व्हिसा चालू असेल का?

नियम बदलत असतात. शेजारणीला मागच्या साली चाललं म्हणून आपल्याला चालेलच असं नाही. त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर घरातल्या कुणाकडून बघून घ्या आणि विमान कंपनीलाही विचारा. पासपोर्ट, व्हिसा आणि पुढचं तिकीट यांच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. गुडघे दुखत असतील किंवा भाषेची भीती वाटत असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. सोबतचा माणूस पुढच्या विमानापर्यंत नेऊन सोडतो.

एवढं केलं की डिंकाचे लाडू घेऊन खुशाल निघा!