मुखत्यारपत्र ऐन गरजेच्या वेळी का संपतं?

"आईकडून कुलमुखत्यारपत्र करून घेतलंय, रीतसर नोंदवलंय. उद्या तिला काही समजेनासं झालं तरी बँक, घर सगळं मला बघता येईल."

चांगली शिकलेली माणसंही हे इतक्या खात्रीने सांगतात की चिडचिड होते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. आईला समजेनासं झालं, की तुमचा अधिकार संपतो.

भारतीय करार अधिनियम, 1872 चं कलम 201 काढून वाचा. अधिकार देणारी व्यक्ती वारली किंवा तिची मानसिक क्षमता गेली, की मुखत्यारी संपुष्टात येते. मुखत्यार आईच्या वतीने सही करतो. जो व्यवहार आज ती स्वतः करू शकत नाही, तो तिच्या वतीने दुसरा कसा करणार? नोंदणी केली, जास्तीचा स्टॅम्प लावला, 'कायमस्वरूपी' असा शब्द घातला, तरी आईच्या देखभालीसाठी केलेल्या पत्राला हे कलम चुकत नाही.

हा समज बऱ्याचदा परदेशातल्या नातेवाइकांकडून येतो. इंग्लंड-वेल्समध्ये 2005 च्या कायद्याने क्षमता गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे तशी तरतूद नाही. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांपुरता. पैशांशी त्याचा संबंध नाही.

आता दुसरं टोक. स्मृतिभ्रंशाचं निदान झालं म्हणून त्याच दिवशी पत्र रद्द होत नाही. कलम 12 विचारतं ते एवढंच: त्या वेळी व्यवहार समजून स्वतःचं हित-अहित ठरवता येत होतं का? आणि अर्धांगवायूने हात गेला, पण डोकं शाबूत आहे, तर मुखत्यारपत्र उत्तम चालतं. एरवीही रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी खातेदाराला दोन साक्षीदारांसमोर अंगठा उमटवून पैसे काढता येतात. त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.

क्षमता गेलीच असेल, तर वाट न्यायालयातून जाते. ऑगस्ट 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या पतीची पालक म्हणून पत्नीला नेमलं, ते अशाच अर्जावर. खर्च, वेळ, वैद्यकीय अहवाल हे सगळं त्यात आलंच.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

"मुखत्यार म्हणजे मालक." नाही. पैसा तिचाच. मागितला की हिशेब द्यावा लागतो (कलम 213).

"पत्र दिलं की आपला हक्क गेला." नाही. आई स्वतःही व्यवहार करू शकते आणि असं देखभालीचं पत्र रद्दही करू शकते.

"मृत्यूनंतर तेराव्यापर्यंत पैसे काढले तर चालतं." चालत नाही. तिथून पुढे नामनिर्देशन आणि वारसाहक्क.

"आईचं मृत्युपत्र मुखत्यार करून देईल." कधीच नाही.

"मुखत्यारपत्रावर घर घेतलं, म्हणजे घर आपलं." सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलंय: नोंदणीकृत खरेदीखताशिवाय मालकी येत नाही.

"परदेशातून सही करून पाठवलं की झालं." पत्र इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

म्हणून मुखत्यारपत्र जरूर करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. आईचं डोकं लख्ख असतानाच 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' अशा सूचनेचं संयुक्त खातं उघडा, प्रत्येक ठेवीवर नामनिर्देशन करा आणि मृत्युपत्र करायचं का, हे तिला विचारा. या तिन्ही कागदांवर सही तिचीच लागते.