पोर्ट लुई : परदेशी मुक्कामाआधी पायी पाहावी अशी राजधानी

नोकरी संपली, मुलं पुण्या-बंगळुरूला स्थिरावली. आता उरलेलं आयुष्य कुठं काढायचं, हा विषय नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावातही निघू लागला आहे. परदेशाचा विचार मनात असेल, तर मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई अवश्य पाहावी. मुंबईहून विमान सहा-साडेसहा तासांत पोचतं. भारतीय पर्यटकाला आगाऊ व्हिसा लागत नाही. घड्याळ आपल्यापेक्षा दीडच तास मागं. शिवाय या बेटावर मराठी माणूस दीडशेहून अधिक वर्षं नांदतो आहे.

सोळा पायऱ्यांचा घाट

फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बुर्दोने यानं १७३५पासून हे बंदर उभारलं. १८१०मध्ये ते इंग्रजांनी जिंकलं. गुलामगिरी संपत आली तशी उसाच्या मळ्यांना माणसं हवी झाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून पहिले ३६ करारबद्ध मजूर उतरले. १९२०पर्यंत हा आकडा पाच लाखांच्या घरात गेला. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी कुटुंबंही होती.

या मजुरांची नोंद जिथं होई, तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे (२००६). खंडेश्वराच्या यादवकालीन देवळातलं कोरीव काम पाहिलेल्या डोळ्यांना इथं कलाकुसर सापडणार नाही. काळ्या दगडाच्या भिंती, दवाखान्याच्या खोल्या, स्वयंपाकघराचे अवशेष आणि जहाजातून उतरलेली माणसं चढून गेली त्या सोळा पायऱ्या, एवढंच. पण शहर समजून घ्यायला सुरुवात इथूनच करावी.

बाजार आणि किल्ला

घाटापासून सेंट्रल मार्केट चालत गाठता येतं. गाडीवर ‘ढोल पुरी’ मिळते : शिजवून वाटलेली पिवळी डाळ भरलेली मऊ, पातळ पोळी; पुरणपोळीतून गूळ वगळावा तशी. दोन पोळ्यांवर वालासारख्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचा रस्सा, मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. दर इथल्या क्रिओल भाषेत सांगितला जातो, पण नोटेवर हिंदी आणि तमिळही छापलेली असते.

वर टेकडीवर इंग्रजांनी बांधलेला फोर्ट ॲडलेड आहे. तिथून एका बाजूला बंदर आणि दुसऱ्या बाजूला शाँ द मार्सचं घोडदौडीचं मैदान दिसतं. १८१२चं हे मैदान. १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र मॉरिशसचा झेंडा इथंच फडकला.

राहायचं तर

कचेऱ्या सुटल्या की पोर्ट लुई रिकामं होतं. डोंगरांच्या आडोशामुळं इथं उकाडा जास्त, म्हणून अनेकजण मध्यपठारावर राहतात. मेट्रो आता रोझ हिल ओलांडून थंड, पावसाळी क्युरपीपपर्यंत जाते. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांची भीती असते. घर बघायचं तर याच दिवसांत बघावं. चांगल्या हवेत कुठलंही गाव आवडतं.

पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी निवृत्तांना दहा वर्षांचा परवाना मिळतो. मात्र दरमहा ठरावीक रक्कम बाहेरून आणावी लागते. ती आपल्या हिशेबानं लाखाच्या वर जाते. केवळ पेन्शनवर जगणाऱ्या बहुतेकांना ती झेपणार नाही. बचत किंवा भाड्याचं उत्पन्न जोडीला असेल तरच पुढं जावं.

आणि सोबतीचं काय? गणेश चतुर्थीला इथं सार्वजनिक सुट्टी असते. शाळांत मराठी शिकवली जाते, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत तिचा पुढचा अभ्यास होतो. कोकणातल्या जाखडीची ‘झाकरी’ अजून नाचली जाते. रोजचं बोलणं मात्र क्रिओलमध्ये. ती शिकण्याची तयारी हवी.

म्हणून आठवड्याच्या सहलीवर हा निर्णय घेऊ नये. दोन-तीन महिने भाड्यानं राहावं, भाजी स्वतः आणावी, दवाखान्याची वाट पायाखालून घालावी. त्या पायऱ्या चढलेल्यांपुढं निवड फारशी नव्हती. आपल्यापुढं ती आहे. नवरा-बायको दोघांनी मिळून, सावकाश करावी.