कूट कशाकशात आहे?

ताट आणि ॲलर्जी : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण दुधाची ॲलर्जी आणि दूध न पचणं यांतला फरक पाहिला. आज घराचा उंबरठा ओलांडू. ज्या मुलाला शेंगदाणा, अंडं, दूध किंवा तीळ चालत नाही, ते शाळेत नाहीतर पाळणाघरात असताना त्याला सांभाळायचं कोणी आणि कसं?

आधी दिलासा. आपल्या भागात अशी मुलं थोडी आहेत. शेजारच्या कर्नाटकात शाळकरी मुलांची मोठी पाहणी झाली, तिच्यात अन्नाची ॲलर्जी असण्याची दाट शक्यता ०.१४ टक्के मुलांमध्ये दिसली. त्याच अभ्यासात हाँगकाँगचा आकडा दीड टक्का होता. पण थोडी आहेत म्हणूनच ती जास्त उघडी पडतात. हजार मुलांच्या शाळेत असं एखाद-दुसरंच मूल. कित्येक बाईंच्या उभ्या नोकरीत असा प्रसंग आलेला नसतो, त्यामुळे तो आलाच तर काय करायचं हे कुणीच ठरवलेलं नसतं.

पाकिटातल्या खाऊचं त्यातल्या त्यात सोपं आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबल नियमांनुसार गहू व इतर ग्लूटेनयुक्त धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जीव, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट यांचा उल्लेख ॲलर्जीची सूचना म्हणून वेगळा छापावा लागतो. या यादीत तीळ नाही. अमेरिकेने २०२३पासून तिळाची सूचना सक्तीची केली. संक्रांतीला वर्गावर्गात तिळगूळ वाटणाऱ्या आपल्या राज्यात ती नसावी, हे मला अजिबात पटत नाही. तिळाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या पालकांना पाकिटावरची घटकांची सगळी यादीच वाचावी लागते.

पण आपल्या मुलांचं खाणं मुख्यतः पाकिटातलं नसतंच. नाशिकमधल्या कुठल्याही पाळणाघराच्या ओट्याशी सकाळी दहा वाजता उभं राहून पाहा. काकडीची कोशिंबीर होते, त्यात दोन चमचे कूट. तोच चमचा पुसून भाजीत जातो. चतुर्थी असेल तर साबुदाण्याची खिचडी, म्हणजे पुन्हा कूट. फोडणी बऱ्याचदा शेंगदाणा तेलाची. चांगलं रिफाइंड केलेलं तेल बहुतेकांना त्रास देत नाही, कारण त्यात प्रथिनं जवळपास उरत नाहीत. घाण्याच्या तेलाची मात्र तशी खात्री देता येत नाही. आता मावशींना विचारा, आज शेंगदाणे आहेत का? त्या मनापासून नाही म्हणतील. त्यांच्या लेखी अख्खे दाणे म्हणजे शेंगदाणे. कूट हे मिठासारखं, ते कोण मोजतं? म्हणून पालकांनी प्रश्न बदलावा. शेंगदाणे आहेत का, असं न विचारता ही भाजी कशी केली, चमचा कोणता वापरला, तेल कोणतं, असं विचारावं.

हे आपल्याला जमणारं नाही, असं कुणी म्हणू नये. कांदा-लसणाशिवायचा जैन स्वयंपाक, उपवासाची वेगळी भांडी, सामिष-निरामिष यांचे वेगळे तवे हे आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बिनचूक सांभाळत आल्या. इतक्या शिस्तीने वेगळं रांधणाऱ्या हातांना एका मुलासाठी एक पातेलं आणि एक डाव बाजूला ठेवणं अवघड नाही. फक्त कारण नीट समजावून सांगायला हवं, आणि तेही स्वयंपाक करणाऱ्या बाईंनाच. मुख्याध्यापकांच्या टेबलावर दिलेला अर्ज चुलीपर्यंत पोचत नाही.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतल्या अंगणवाड्यांची गोष्ट जरा वेगळी. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत तिथल्या सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंडी आली, न खाणाऱ्यांसाठी केळी. अंड्याची ॲलर्जी असते ती बहुधा याच वयात, आणि पुष्कळ मुलांची ती पुढे जातेही. एका मुलाला सोसत नाही म्हणून सगळ्यांच्या ताटातलं अंडं काढायचं कारण नाही; कुपोषणाशी झुंजणाऱ्या पाड्यावर तो अन्याय होईल. केळ्याची सोय योजनेतच आहे. अंडं न सोसणाऱ्या मुलाचं नाव सेविकाताईंनी केळी घेणाऱ्यांच्या यादीत घातलं की झालं.

एवढं करूनही चूक होऊ शकते. मग पहिली काही मिनिटं मोलाची. अंगावर गांधी उठल्या की आपल्याकडे पित्त उठलं म्हणतात आणि आमसुलाचं पाणी लावून मुलाला कोपऱ्यात बसवतात. नुसत्या गांधी असतील तर लक्ष ठेवायला वेळ असतो. पण ॲलर्जीचा पदार्थ पोटात गेल्यावर आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, ओठ-जीभ सुजली, सारख्या उलट्या होऊ लागल्या किंवा मूल एकदम मलूल झालं, तर ते पित्त नव्हे. तिथे औषध एकच, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत देतात. प्रमाण दर किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम, मुलांना एका वेळी जास्तीत जास्त ०.३. खाज थांबवणारी गोळी किंवा सिरप जीव वाचवत नाही. मुलाला आडवं ठेवावं, धाप लागली असेल तर बसतं ठेवावं. उभं करून चालवू नये.

परदेशात मिळणारी या इंजेक्शनची तयार पेनं आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाहीत. पण औषध दुर्मीळ नाही, महागही नाही. २०२१मध्ये कोविडची लस घेऊन आपण अर्धा तास बसलो होतो, तो याच तीव्र ॲलर्जीच्या भीतीने. त्या खोलीतल्या पेटीत हेच इंजेक्शन होतं. लसीनंतर अशी तीव्र ॲलर्जी झाली तर पहिला डोस देण्याची मुभा लसीकरण करणाऱ्या आरोग्यसेविकांना आहे. त्यांना जे शिकवता आलं ते शाळेतल्या दोन माणसांना शिकवता येणार नाही का? डॉक्टरांनी मुलाच्या वजनाप्रमाणे डोस लिहून द्यावा, इंजेक्शन कोण देणार आणि ते कधी बदलायचं हे ठरवून द्यावं. औषध कुलपात नको, वर्गाजवळ हवं.

न्यूयॉर्कमध्ये २०१७ साली तीन वर्षांचा एक मुलगा पाळणाघरातल्या खाण्याने दगावला. त्याला दूध चालत नाही हे तिथे ठाऊक होतं, तरी चीज सँडविच दिलं गेलं, आणि नंतर ॲम्ब्युलन्सही बोलावली गेली नाही. त्याच्या नावाने तिथे कायदा झाला, एलायजाज लॉ. अशा वेळी आपल्याकडे शाळा आधी आईलाच फोन करील. ती सिडकोतून निघून गंगापूर रोडला पोचेपर्यंत किती वेळ जातो, हे नाशिककरांना सांगायला नको. म्हणून आधी इंजेक्शन, लगोलग १०८, मग आई, हा क्रम शाळेत लिहून लावलेला असावा. इंजेक्शनने बरं वाटलं तरी रुग्णालयात नेलंच पाहिजे. काही तासांनी त्रास उलटू शकतो.

जूनमध्ये शाळा उघडल्या की पहिली पालकसभा होते. ज्यांच्या मुलाला ॲलर्जी आहे त्यांनी मुलाचा फोटो, न चालणारे पदार्थ, लक्षणं, डोस आणि फोन नंबर असलेला एकपानी कागद घेऊन जा. बाकीच्या पालकांनी एवढंच करा : वाढदिवसाला वर्गात काय वाटणार आहात, ते आदल्या दिवशी बाईंना कळवा.