लाकडी गोठ्याचा खर्च

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात लाकडी गोठा उभारायचा म्हटलं, की बांधावरचा लिंब नाहीतर बाभूळ आधी आठवते. लाकूड घरचं, म्हणजे खर्च वाचला असं वाटतं. पण तोडणी, आरागिरणी, सुतार, पत्रे, नटबोल्ट यांचे पैसे मोजावेच लागतात. वखारीत लाकूड घनफुटावर मिळतं. 4 बाय 4 इंचाचा 9 फुटी खांब म्हणजे बरोबर 1 घनफूट.

खरी बचत लाकूड कसं लावलं यात आहे. 2 बाय 4 इंचाचा वासा चपटा टाकण्याऐवजी उभ्या धारेवर बसवा. त्याच पैशात तो चौपट ताठ राहतो. कारण ताठपणा वाशाच्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो. उंची दुप्पट झाली की ताठपणा आठपट, रुंदी निम्मी झाली की निम्मा, उरतो चौपट. जुने सुतार हे कागदावर न मांडताही ओळखून असतात.

खांब मात्र थेट मातीत पुरू नका. जमिनीलगतच्या वीतभर भागात ओल आणि हवा दोन्ही मिळतात, म्हणून लाकूड तिथेच आधी कुजतं. वाळवीही तिथूनच चढते. काँक्रीटच्या ठोकळ्यावर लोखंडी पट्टीने खांब आवळला, तर हा धोका बराच टळतो. ओलं लाकूडही नको. वाळताना ते आकसतं, पिळतं आणि सांधे सैल होतात. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात ते अशाच सैल सांध्यांमुळे.

म्हणून लाकूड कापून आणलं, की सावलीत, हवेशीर थप्पी लावून ते नीट वाळू द्या. सुताराला त्यानंतरच बोलवा.