घड्याळ अस्सल, पण हमी कुणाची?

लग्नसराई आली की गोंदियाच्या बाजारात कपडे, भांडी आणि दागिन्यांबरोबर घड्याळांचीही खरेदी होते. दुल्ह्याला मनगटी घड्याळ देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. एके काळी ते घड्याळ बहुधा एचएमटीचे असे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगलोरला सुरू झालेला हा सरकारी घड्याळ उद्योग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. १९८४ साली टाटांनी तामिळनाडू सरकारच्या महामंडळासह स्थापन केलेल्या टायटनने तोवर घरोघर जागा मिळवली होती. आता राडो, ओमेगा, रोलेक्स ही नावेही ऐकू येतात. किंमत हजारांतून लाखांत गेली. खरेदीची पद्धत मात्र पुष्कळदा तीच राहिली : ओळखीचा माणूस, तोंडी शब्द आणि कच्ची पावती.

समजा, आमगावच्या एका कुटुंबाने दीड लाखाचे स्विस घड्याळ एका ओळखीच्या दुकानदाराकडून सव्वा लाखात घेतले. पंचवीस हजार वाचले म्हणून सारे खूश. आठ महिन्यांनी घड्याळ मागे पडू लागले. कंपनीच्या दुरुस्ती केंद्राने तपासून सांगितले की घड्याळ अस्सल आहे, परंतु कार्डावर अधिकृत विक्रेत्याचा शिक्का व विक्रीची तारीख नाही. दुरुस्तीचा खर्च द्यावा लागेल. दुकानदार म्हणतो, कंपनीकडे जा. कंपनी म्हणते, दुकानदाराकडे जा. वाचलेले पैसे तर गेलेच, जावयासमोर मानही खाली गेली.

येथे एक बाब नीट समजून घ्यावी. माल अस्सल असणे आणि मालाला हमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीची हमी हा कंपनीने स्वतःच्या अटींवर दिलेला शब्द असतो. रोलेक्स व ओमेगा पाच वर्षांची हमी देतात. पण अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या आणि कार्डाची रीतसर नोंद झालेल्या घड्याळालाच ती लागू होते. शिवाय हमी असते ती बनावटीतील दोषाला. पट्टा झिजणे, काच फुटणे, घड्याळ दुसऱ्या कारागिराकडून उघडून घेणे या गोष्टी सहसा तिच्यात बसत नाहीत.

अनधिकृत बाजारातला मालही तीन प्रकारचा असतो. एक, निव्वळ नक्कल. दोन, जकात भरून परदेशातून आणलेला अस्सल माल, ज्याचा येथील अधिकृत विक्रेत्यांशी संबंध नसतो. तीन, जकात चुकवून आणलेला माल. तिसऱ्या प्रकारात केवळ हमीच जात नाही. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२३ मध्ये सोन्याबरोबर घड्याळांचाही स्पष्ट उल्लेख आहे. चोरटा माल असल्याच्या रास्त संशयावरून घड्याळ जप्त झाले, तर तो माल चोरटा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यातून ते घेतले त्याच्यावर येते. तेव्हा पक्के बिल हाच आधार.

मग फसलेल्या ग्राहकाने हात चोळत बसावे काय? मुळीच नाही. कंपनीने हात झटकले तरी विकणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दुकानदाराने स्वतःची वेगळी हमी दिली असेल, तर ती न पाळल्याबद्दल तो उत्तरदायी ठरू शकतो. बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसल्यास सदोष माल तीस दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार ग्राहकाला आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते; पाच लाखांपर्यंत फी नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही दाद मागता येते. मात्र हे सारे कागदावर चालते. कागद नसेल तर खरा माणूसही दुबळा पडतो.

व्यापारी बंधूंसाठी दोन शब्द. गोंदिया हा धानाचा जिल्हा. वरून कोरडा आणि आतून ओला माल म्हणजे काय, हे येथे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, लोकांना दिसावे म्हणून ओला भाग वर का ठेवला नाहीस, असे आपण (स.) विचारले, आणि फसवणारा आमच्यापैकी नाही, असे बजावले. कंपनीची हमी नाही हे ठाऊक असूनही गप्प राहणे म्हणजे ओल खाली दडवणेच होय. फिकहमध्येही दडवलेल्या दोषाबद्दल माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला दिलेला आहे.

अनधिकृत विक्रेता म्हणजे लबाडच, असे नव्हे. ज्याने जकात भरून माल आणला, कंपनीची हमी नाही हे आधी सांगितले, बिलावर घड्याळाचा क्रमांक घातला आणि इतके महिने दुरुस्ती माझ्याकडे, असे लिहून दिले, त्याचा व्यवहार स्वच्छ आहे. ग्राहकानेही भाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : बिल पक्के आहे का, कार्डावर कुणाचा शिक्का आहे आणि बिघडले तर दुरुस्त कोण करून देणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळत नसेल, तर स्वस्त घड्याळ महागातच पडणार आहे.